पिवळा दिसला की

सांगलीत कॉलेज कॉर्नरच्या सिग्नलला हिरवा जाऊन पिवळा आला आणि आकारामनं गाडी थांबवली. मागून धक्का बसला. धक्का तसा काहीच नव्हता. बंपरला बंपर टेकला आणि समोर ठेवलेला चष्मा घरंगळून खाली पडला, एवढंच. मागं ठिबकच्या पाइपांची बंडलं लादलेला पिकअप होता. त्याचा ड्रायव्हर, मिसरूड फुटून फार दिवस न झालेला, खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असा ओरडला, "ओ काका! पिवळ्याला कोन थांबतंय वो?" मग त्याची नजर आकारामच्या गाडीच्या मागच्या काचेवर गेली असावी. तिथं ठसठशीत अक्षरांत मोटर ट्रेनिंग स्कूल, सातारा असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली, अति घाई संकटात नेई. "आन म्हनं ट्रेनिंग स्कूल!" पोरगं म्हणालं. शेजारच्या स्कूटीवरच्या दोन मुली तोंडाला ओढणी लावून हसल्या. त्यांचं तरी काय चुकलं. आकाराम त्यांच्या जागी असता तर तोही हसला असता.

एरवी तो उतरला असता. पिकअपची चावी काढून घेऊन, त्या पोराला रस्त्याच्या कडेला उभं करून, पिवळा दिवा म्हणजे काय हे त्यानं त्याला साग्रसंगीत शिकवलं असतं. हिरव्याला कुणीबी जातंय, तांबड्याला पोलीस थांबवतोय, मानूस कळतोय ते पिवळ्याला, हे त्याचं बोलणं साताऱ्यातल्या निम्म्या लायसनवाल्यांना तोंडपाठ होतं. आज त्याला उतरता आलं नाही. त्यानं खाली पडलेला चष्मा तेवढा उचलून जागेवर ठेवला. हिरवा पडला, मागच्यांनी हॉर्नचा नुसता कालवा केला, तेव्हा त्यानं कशीबशी गाडी चौकापार नेली आणि एका बंद दुकानापुढं, लिंबाच्या सावलीला लावून इंजिन बंद केलं. दसरा होऊन गेला होता आणि ऊन असं तापलं होतं की स्टिअरिंगला हात लावू देईना. विश्रामबागेतलं पुनर्वसन केंद्र, जिथं त्याचा पोरगा वीरधवल पडून होता, इथून पाच-दहा मिनिटांवर होतं. पण आकारामला तिथं पोचायचं नव्हतं. खरं म्हणजे साताऱ्याहून निघाल्यापासूनच नव्हतं पोचायचं. कराडला विनाकारण दोनदा चहा घेतला, पलूसच्या पुढं एका पंपावर हवा असलेल्याच चाकात हवा भरल्याचं सोंग केलं.

सकाळी बायकोचा, बनुबाईचा, फोन आला होता. ती सांगलीतच खोली घेऊन राहायची, पोराची सगळी उठाठेव करायची. "आवं, पोरगं आज आपनहून बोललं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता, आनंदानं की भीतीनं ते कळेना. "च्या पाजत हुते तर म्हनलं, आप्पांना बोलवून घे. त्या दिवशी म्या पिवळा झेंडा बघितला हुता का तसाच घुसलो हुतो, येवढं त्यांनी सांगावं. म्या म्हनलं, आरं लेकरा, तुजी काय चूक न्हवती. तर म्हनतंय, तू कुटं हुतीस तितं? आप्पा हुते. आप्पाच खरं सांगतील." मग ती हळूच म्हणाली, "या तुमी. सांगा त्याला. त्याची चूक न्हवती म्हनून तुमच्या तोंडानं सांगा, त्येवढंच त्याला बरं वाटंल." वीरधवलला त्या दिवशीचं काही आठवत नव्हतं. सकाळी उठून मोटरसायकलच्या साखळीला तेल सोडलं इथपर्यंत आठवायचं, आणि त्यानंतर एकदम छताचा पंखा. मधलं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मधलं सगळं आकारामकडं होतं. पोरानं पिवळा बघितला होता. बघून वेग सोडला होता. सोडला म्हणून आज मानेखाली त्याला स्वतःचं अंग स्वतःचं वाटत नव्हतं. हे त्याला सांगायचं होतं, आणि त्याच तोंडानं पुढं म्हणायचं होतं, बाळा, तुझी चूक नव्हती.

आकाराम सैन्यात एमटीला होता, म्हणजे मोटार चालवणारा. लेहच्या रस्त्याला रांगेनं गाड्या निघायच्या आणि वेग ठरवून दिलेला असायचा. त्याच्या वर काटा जरा गेला तरी उस्ताद मुक्कामाला पोचल्यावर बर्फात उभा करायचा. गाडी तेरे बाप की नहीं, सरकार की है, उस्ताद सांगायचा, और पीछेवाला भी सरकार का है. आकारामनं हे वाक्य पेन्शनीबरोबर घरी आणलं. ट्रेनिंग स्कूल काढलं, शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असलेली गाडी घेतली, आणि वर्षानुवर्षं तो डाव्या सीटवर बसून दुसऱ्याच्या घाईवर पाय ठेवून राहिला. सवय अशी जडली की एसटीत बसला तरी वळणाला उजवा पाय पत्र्यावर दाबायचा, आणि शेजारचा माणूस संशयानं बघायचा. अशा माणसाच्या पोटी मोटरसायकल पळवायचा नाद असलेलं पोरगं यावं, ही देवाची थट्टाच. पण त्यानं पोराला अडवलं नाही. अडवलं असतं तर चोरून हायवेला पळवत बसलं असतं. त्यापेक्षा ट्रॅकवर पळव म्हणाला. तिथं हेल्मेट तपासतात, छातीला आणि मानेला पट्टा बघतात, पिटात, गाड्या तयार करायच्या जागेत, माणसाच्या चालीनं गाडी न्यावी लागते, पुढं कुणी पडलं तर पिवळा दाखवणारे झेंडेवाले असतात. वेडेपणाला निदान कुंपण तरी असतं.

आणि त्यानंच शिकवलं. कोरेगावच्या बाहेर माळावर संध्याकाळचा तो बाभळीमागं दबा धरून बसायचा आणि पोरगं भरधाव आलं की एकदम बाहेर येऊन बनुबाईच्या जुन्या पिवळ्या पातळाचा तुकडा हलवायचा. पुढं काही असो नसो, पिवळं दिसलं की थ्रॉटलवरचा हात सुटला पाहिजे, उडी घ्यायची नाही, चाकं जमिनीवर. डोक्याला कळंस्तवर उशीर होतोय, हाताला कळाय पायजे, तो सांगायचा. पहिल्या-पहिल्यांदा पोरगं हसायचं, चुकायचं, शिव्या खायचं. मग एक दिवस असा आला की आकाराम बाभळीमागून नुसता उठला, पातळ अजून काखेतच होतं, आणि तरी पोराचा हात सुटला. त्या दिवशी तो घरी येऊन बनुबाईला म्हणाला होता, झालं, आता याला मरण न्हाई. किती खूश होता तो. भाकरी खाता खाता तेच तेच सांगत होता, आणि ती पोळीला तूप लावावं तसं त्याच्या बोलण्याला हं हं लावत होती. हे आता आठवलं की त्याला स्वतःच्या तोंडात माती कोंबावीशी वाटायची.

लिंबाखाली एक कुत्रं येऊन गाडीच्या सावलीत पडलं. आकारामनं पाणी प्यायलं, बाटलीचं बूच लावलं आणि ते लागलं की नाही हे परत परत बघत राहिला. पोरगं जिच्यात पडलं ती शर्यत कोरेगावच्याच माळावर झाली, गेल्या पौषात, पालीच्या खंडोबाची जत्रा नुकतीच उरकली होती तेव्हा. सेफ्टीचं सगळं काम आकारामकडं. सकाळी माणसं येऊ लागली ती जत्रेतनं थेट, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतनं, कपाळाला भंडारा आणि हातात पिवळी निशाणं. दोऱ्यांच्या कडेनं सगळा माळ पिवळा झाला. झेंडेवाला नाथाजी, बैलांच्या शर्यतीत निशाण धरून म्हातारा झालेला माणूस, जवळ येऊन म्हणाला, "सुभेदार, ह्या गर्दीत माजा पिवळा कुनाला दिसायचा?" आकाराम सुभेदार कधीच नव्हता, हवालदार म्हणून सुटला होता, पण गावानं वर चढवलं होतं. तो विश्वजितकडं गेला. विश्वजित आयोजक, तालमीचा माणूस, डोक्याला फेटा. "तेवढी निशाणं खाली ठेवाय सांगा लोकांस्नी," आकाराम म्हणाला. विश्वजितनं त्याच्याकडं असं बघितलं की जणू यानं देवाच्या अंगावरचं वस्त्र मागितलं. "काका, देवाचं निशाण खाली ठेवा म्हनून मायकवर कोन सांगनार? म्या न्हाई सांगनार. तुमी सांगा, हा घ्या मायक." आकारामनं माइक हातात घेतलाही. समोर एक म्हातारी निशाण छातीशी धरून उभी होती. तिनं त्याला बघून भंडारा उधळला, येळकोट येळकोट. तोही जय मल्हार म्हणाला, आणि मग रायडर पोरांकडं वळून सांगता झाला की नारिंगी जाकीटवाल्याचाच झेंडा खरा धरा, आणि शंका आली तर, कुणाचा का असंना, पिवळा दिसला की सोडा. पोरांनी माना डोलावल्या. एकानंच ते मनावर घेतलं.

मोठ्या उडीच्या उंचवट्यापलीकडं एक पोरगं घसरून पडलं होतं. नाथाजीनं झेंडा काढला आणि जीव खाऊन हलवायला लागला. आकाराम पिटाच्या बाजूला उभा होता आणि उडीचा चढ त्याला तळापासून दिसत होता, एवढ्या गर्दीत त्या एकट्यालाच; बाकी सगळ्यांचे मोबाइल उडीच्या माथ्यावर रोखलेले होते, आणि त्यांत नंतर धुळीशिवाय काही सापडलं नाही. वीरधवल पहिला आला. चढाला लागला आणि त्याचा हात सुटला. किती सुंदर सुटला. आकारामचं काळीज त्या क्षणी सुपाएवढं झालं, हे तो कुणाला सांगणार होता? पोरगं उडी न घेता चाकं जमिनीवर ठेवून माथा ओलांडत होतं, बाभळीमागं शिकवलेलं तसंच्या तसं. मागून पलूसचा शिवतेज आला, पूर्ण वेगानं, आणि त्यानं उडी घेतली. त्याचं पुढचं चाक वीरधवलच्या पाठीवर, मानेच्या जरा खाली, उतरलं. आकारामचा पाय मातीत रुतला होता. त्यानं ब्रेक दाबला होता.

पुढं जे व्हायचं ते झालं. चौकशीला म्हणून मंडळी बसली, चहा झाला. शिवतेज मान खाली घालून म्हणाला, मला वाटलं पब्लिकचं निशाण हाय. आणि त्यावर कोण काय बोलणार? खंडोबाचं निशाण कुणी धरलं, तर सगळ्या गावानं. नाथाजी काहीतरी बोलायला उठला, त्याला खाली बसवलं. विश्वजित आकारामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, खरं सांगू का, वीरधवलनं चढाला असं अचानक स्लो कराय नको हुतं." चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते दुसऱ्याच्या घरी घडतं तोवर म्हण असते. शिवतेज पुढच्या महिन्यात कुठल्याशा दुसऱ्या माळावर पहिला आला. मोठे डॉक्टर म्हणाले, मानेला तो पट्टा होता म्हणून पोरगं वाचलं, नाहीतर जागेवर गेलं असतं. पट्टा आकारामनंच स्वतःच्या हातानं आवळला होता. म्हणजे एका नियमानं त्याला मारायला नेलं आणि दुसऱ्यानं मरू दिलं नाही, आणि दोन्ही नियम बापाचे. घरात एवढी एकच गोष्ट उरली होती, ती बनुबाईकडं: माझ्या पोराची चूक नव्हती. ती हे दवाखान्यातल्या आयांना सांगायची, भाजीवालीला सांगायची, झोपेतही पुटपुटायची. त्या पहिल्या दिवशी ॲम्ब्युलन्समागून येताना आकारामनंच ते तिच्या ओटीत घातलं होतं.

त्यानं गाडी सुरू केली. कुत्रं उठलं नाही, त्याला हॉर्न द्यावा लागला. विश्रामबागेपर्यंतच्या रस्त्यात त्याला जो तो जोरात जाताना दिसत होता, शाळेची रिक्षा, गॅसच्या टाक्यांची गाडी, पोराला पुढं उभं करून नेणारी एक बाई, आणि सगळे सुखरूप जात होते. अति घाई संकटात नेई. पण घाई कुणाची आणि संकट कुणाला, हे त्या पाटीवर लिहायला जागा ठेवलेली नाही.

खोलीत स्पिरिटचा आणि उकडलेल्या अंड्याचा वास होता. बनुबाई पोराचा हात मांडीवर घेऊन एकेक बोट उघडत होती, मिटत होती. नवऱ्याला बघून तिनं पदर सावरला आणि डोळ्यांनीच म्हणाली, सांगा. वीरधवलची मान उशांमध्ये बसवलेली होती. दाढी वाढली होती. बापाकडं बघायला त्याला फक्त डोळे फिरवता येत होते, आणि ते त्यानं फिरवले.

"आप्पा, इकडं असं समोर बसा. दिसत न्हाईसा."

आकाराम समोर बसला.

"खरं सांगायचं. आईसारखं न्हाई."

"सांगतो."

"म्या पिवळा बघितला हुता का?"

आकारामनं ओठ उघडले. व्हय, एवढाच शब्द होता. तेवढ्यात पोरगंच घाईघाईनं बोलायला लागलं, इतके दिवस साठलेलं. "थांबा आप्पा. आदी माजं ऐका. म्या लय इचार केलाय, हितं दुसरं काय हाय कराय? म्या घुसलो असंन तर सोसंल मला. चुकलो, पडलो, भोगतोय. पर चुकलो नसंन, तुमी शिकवलं तसं केलं असंन आन तरी असं झालं असंल, तर मग ह्ये कसं सोसायचं? मला रोज रातच्याला ह्येच भ्या वाटतंय. मला झोप लागत न्हाई आप्पा." त्याच्या कानशिलावरून पाणी खाली आलं आणि ते त्याला पुसता येईना. बनुबाईनं पुसलं. "आरं सोन्या, तुजी चूक न्हवतीच," ती म्हणाली, "सांगा की वो त्याला!"

बाहेर कुणीतरी व्हीलचेअर ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. आकारामनं बायकोकडं बघितलं नाही. सगळ्या जन्मात त्यानं गाडी शिकल्याचा एकही खोटा दाखला दिला नव्हता, आमदाराच्या भाच्याला दाखल्याविना घरी पाठवलं होतं.

"घुसलास," तो म्हणाला.

बनुबाईचा हात थांबला.

"पिवळा बघून?"

"बघून. नाथाजी जीव तोडून हलवत हुता. समोरच हुतास तू त्याच्या. न बघून सांगतोस कुनाला."

"जोरात हुतो?"

"लय." आता सुरू झालं ते थांबेना. "म्या तुला कवाच तसा पळवताना बघितला न्हवता. चढाला लागलास ते गाडी नुसती वरडत हुती. उडी घेतलीस तर पब्लिकच्या डोक्यावरनं. सगळी तोंडं वर. म्या म्हनलं, हे माजं पोरगं न्हवंच. कोन शिकवलं ह्येला?"

पोराच्या तोंडावर काहीतरी पसरत गेलं. आकारामला ते आधी ओळखूच आलं नाही. पोरगं हसत होतं. "आयला," ते म्हणालं. "आन मग?"

"मग खाली आलास तो वाकडा आलास. मागनं शिवतेज येत हुता, बिचारा पिवळा बघून हळूच येत हुता. तू त्याच्या चाकाखाली आलास. त्यो तरी काय करनार?"

बनुबाई उठली. पोराचा हात तिनं चादरीवर अलगद ठेवला, बोटं सरळ केली, आणि नवऱ्याकडं एकदाच बघितलं.  तिनं खुर्चीवरचा ओला टॉवेल घेतला आणि वाळत घालायला म्हणून बाहेर गेली. वाळत घालायची दोरी खोलीतच होती.

वीरधवल छताकडं बघत होता. कितीतरी दिवसांनी त्याचं कपाळ सैल पडलं होतं, लहानपणी ताप उतरल्यावर पडायचं तसं. "आप्पा, तुमी रागावला असाल लय," तो म्हणाला. "येवढं शिकवलं तुमी. बाभळीमागं बसायचा. आन म्या येनयेळी माती खाल्ली."

"न्हाई रं. राग कसला."

"मग शिवाला कशापायी बोल लावता तुमी? आई तर त्याचं नाव काढलं की शाप देती. त्यो आलता तर तुमी गेटावरनंच हाकलला म्हनं. नर्सबाई सांगत हुती." त्यानं श्वास घेतला. "फोन लावा त्याला. मला बोलायचंय."

"आत्ता नको. कामात असंल त्यो."

"लावा आप्पा. येवढं तरी करू द्या. मला दुसरं काय करता येतंय?"

आकारामनं खिशातून फोन काढला. शिवतेजचा नंबर त्याच्याकडं होता. शर्यतीतल्या प्रत्येक पोराचा होता, अडीअडचणीला म्हणून. तिकडून आवाज आला तो घाबरलेला, "काका? काय झालं? वीरू बरा हाय न्हवं?" आकारामनं आवाज मोठा केला आणि फोन पोराच्या तोंडाजवळ धरला.

"शिवा, वीरू बोलतोय गड्या. चूक माजी हुती. म्या पिवळ्याला घुसलो. मला आटवत न्हवतं, पर आप्पांनी बघितलंय, त्यांनीच आत्ता सांगितलं. तुज्यावर उगाच आळ आला. माफ कर मला."

तिकडं कुठंतरी एक इंजिन चालू होतं. ते बंद झालं. आकारामला एकाएकी आशा वाटली. हा आता बोलेल. हा म्हणेल, न्हाई गड्या, तू थांबला हुतास, म्याच आलो. तो फोन घट्ट धरून वाट बघत राहिला. 

"जाऊ दे रं वीरू," शिवतेज म्हणाला. "झालं ते झालं. म्या काय मनात धरलं न्हाई."

"माफ केलंस न्हवं?"

"केलं की. कवाच केलं."

फोन बंद झाला. वीरधवलनं डोळे मिटले. त्याच्या ओठांवर ते मघाचं हसू अजून होतं, आणि झोपेत शिरता शिरता तो म्हणाला, "लय मोट्या मनाचा हाय शिवा. तुमी उगं त्याला वाईट म्हनत हुता आप्पा."

"व्हय," आकाराम म्हणाला. "चुकलंच आमचं."